दादूसची काठी, माझी तार

दादूस चालताना कधी खाली पाहत नसत. नजर कायम वर, आभाळात. त्यामुळे गावातल्या कोंबड्या, कुत्री आणि नवखे इंजिनीअर यांना आपापली काळजी आपणच घ्यावी लागे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी रुळालगत उकिडवा बसून खांबाच्या पायाचा खड्डा मोजत होतो. दादूस सरळ येऊन माझ्यावर आदळले. मी खड्ड्यात. वरून आवाज आला, "कोन हाय रे खाली?" जसा काही मीच त्यांच्या घरात शिरलो होतो.

दादूस म्हणजे त्यांच्या आगरी बोलीत थोरला भाऊ. सत्तरीच्या या माणसाला सगळं गाव दादूसच म्हणे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. वर पाहण्याचं कारण मला नंतर कळलं. जत्रेच्या दिवशी गावदेवाची काठी निघते. दुमजली घराएवढा बांबू, त्याला रंगीत कापडं, घुंगरं आणि टोकाला मोरपिसांचा झुपका. बुंधा कमरेच्या पट्ट्यात रोवून ती उभी न्यायची, आणि तो मान तरुणपणापासून दादूसकडे. "काठी धरली का नजर शेंड्याव ठेवायची," ते सांगत. "पायांना रस्ता म्हाईत असतो." जत्रा वर्षातून एकदाच, बाकीचे दिवस ते सराव करत असावेत.

त्या वेळी विजेची लोकल पनवेलपर्यंतच यायची. पुढे आपट्याच्या बाजूला डिझेलची गाडी धापा टाकत जाई. त्या मार्गावर खांब उभारून तारा ओढण्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं. साइटवर मराठी बोलणारा मी एकटाच, म्हणून गावोगाव जाऊन "तारेपासून लांब राहा" हे समजावण्याची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पोरांना माझी फजिती पाठ आहे, तेवढी पुरे.

देवळाच्या अंगणातल्या पहिल्या सभेत मी मोठ्या रुबाबात उभा राहिलो. तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, हात लावायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती ओढून घेते, वगैरे. शेवटी कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठीकडे बोट दाखवून म्हणालो, "हिची उंची मोजावी लागेल. जरा आडवी करता का?"

सभा गार झाली. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, व्होल्टचा परिणाम झाला. मग शेजारच्याने कानात सांगितलं, जत्रा तोंडावर असताना काठी आडवी होते ती गावात कुणी गेलं तरच. म्हणजे मी भर सभेत विचारलं होतं, जरा कुणी मरता का?

पहिले हसले ते दादूस. "इंजिनेर, अजून कोनाचा नंबर नाय लागला," ते म्हणाले. "तू शिडी लाव नि चढ." मी चढलो. टेप वरून सुटून पुजाऱ्याच्या डोक्यावर पडला. त्या दिवसापासून गावात माझी सोय झाली. जेवण दादूसच्या घरी, चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. जेवताना दादूस माझी गंमत करत. "खाऊन घे. मोजू नको."

अडचण मात्र खरी होती. गावदेव रुळाच्या अलीकडे आणि त्याची बहीण असलेली देवी रुळाच्या पलीकडे. जत्रेच्या दिवशी काठी फाटकातून पलीकडे जाते, बहिणीला भेटते आणि परत येते. डिझेलच्या काळात वर आभाळच होतं. आता तिथे तार येणार होती. काठी उभी गेली असती तर धरणारा जागच्या जागी संपला असता. आणि गावाचा हेका असा की देव वाकत नाही. दादूसच्या हातून परंपरा मोडणार, की गावची पोरं हट्टाला पेटून तारेखाली जाणार, एवढाच प्रश्न उरला होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालो, "दादूस, मिरवणुकीपुरता तारेतला करंट बंद करून देतो. माझा शब्द!" माझा शब्द म्हणजे काय? ऑफिसात माझ्या शब्दावर चहासुद्धा येत नसे. पण दादूसनी तो सगळ्या गावाला सांगितला.

जत्रेच्या आदल्या दिवशी साहेबांनी अर्ज परत दिला. उद्या तारेखालून चाचणीची गाडी जायची आहे, एक मिनिटही बंद मिळणार नाही. मी मान खाली घालून दादूसच्या ओटीवर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी छपराकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवलास?"

"दादूस, पोरं ऐकतील का?"

"आधी जेव. उपाशी मानूस लय घाबरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी खालूबाजा वाजवत मिरवणूक फाटकाशी आली. दादूसच्या कमरेला काठी, चहूबाजूंनी दोर धरलेले गडी. पलीकडे देवीच्या वाटेवर बायका आरत्या घेऊन उभ्या, सगळ्यांच्या पुढे दादूसची बहीण सोनाबाय. रस्त्यावर आम्ही उंची दाखवणारी लोखंडी कमान लावली होती. तिच्याअलीकडे दादूस थांबले. बाजा थांबला.

"लाईट बंद करा!" पोरं ओरडली. "इंजिनेरनी शब्द दिला व्हता!" मी मिरवणुकीतल्या लाउडस्पीकरच्या टेंपोच्या आडोशाला सरकत होतो.

"बंद नाय व्हनार," दादूस म्हणाले.

एक दांडगा पुढे झाला. "मंग तशीच नेऊ! आपला देव कोनापुढं वाकनार नाय!"

"पल्याड घर कोनाचा रे?"

"देवीचा."

"देवाची कोन ती?"

"बहीन."

"तू गेल्या भाऊबीजेला बहिनीच्या दारात ताठ शिरलास ना? मंग कपाल कशाला सुजला व्हता तुझा?" लोक हसले. दांडग्याचा हात आपसूक कपाळावर गेला. दादूसनी कमानीकडे हात केला. "ही बहिनीच्या दाराची चौकट समजा. भाऊ वाकूनच जातो."

"पन दादूस, आडवी काठी म्हंजे..." एक म्हातारा चाचरला. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

"आडवी काठी आनि रडनारी मानसा, तो सुतक," दादूस म्हणाले. "आडवी काठी आनि हसनारी मानसा, ती भाऊबीज. पल्याड जाईस्तवर कोनी हसायचा थांबला तर माझ्याशी गाठ हाय." मग त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खाली, थेट माझ्याकडे पाहिलं. "इंजिनेर, टेंपोव चढ. माईक घे. तुझ्यासारखा मानूस देवानं उगाच नाय धाडला."

मी चढलो. समोर अख्खा गाव, पाठीमागे माझीच तार. तोंडाला आलं ते बोलत सुटलो. म्हणालो, माझी बहीण नवीन पनवेलला राहते. तिथल्या इमारती सगळ्या एकसारख्या, रंगसुद्धा तोच. भाऊबीजेला गेलो, जिना चढलो, दार उघडंच होतं. आत जाऊन सोफ्यावर बसलो. एका आजींनी पाणी दिलं, लाडू दिला, चकली दिली. मी विचारलं, ताई कुठाय? त्या म्हणाल्या, येईल एवढ्यात. ताई आली. ओवाळायला तबक घेऊन आली. ती माझी ताई नव्हती! आजींना वाटलं, सुनेचा भाऊ आला. सुनेला वाटलं, सासूकडचा कुणी पाहुणा. ओवाळून झाल्यावर खरा भाऊ दारात येऊन उभा. मी त्यालाही विचारलं, आपण कोण?

गाव खदखदून हसलं. त्या हसण्यात काठी खांद्याखांद्यांवर आडवी झाली, कमानीखालून, तारेखालून, रुळावरून सरकत गेली. दादूस शेंडा धरून सगळ्यांत पुढे होते आणि त्यांचं पोट गदगदत होतं. पलीकडे सोनाबायने शेंड्याला कुंकू लावलं. काठी परत उभी राहिली तेव्हा असा गजर झाला की फाटकवाला बाहेर धावत आला.

काम संपलं, माझी बदली झाली. पण दर जत्रेआधी दादूसचा फोन यायचा. "इंजिनेर, यंदा काय नवीन घोल घातलास? जुना चालनार नाय." मी जायचो. मालाची टंचाई मला कधीच भासली नाही.

दादूस गेले त्यानंतरच्या पहिल्या जत्रेला फोन सोनाबायचा आला. "ये," एवढंच म्हणाली. काठी कमानीशी आली. दादूसच्या पुतण्याच्या कमरेला होती. ती खांद्यांवर उतरली आणि कुणालाच हसू येईना. बाजेवाले जमिनीकडे बघत होते. मी माईक धरला. आडवी काठी, गप्प माणसं. दादूसना जे नको होतं तेच चाललं होतं.

मग मी सांगितलं, विजेची गाडी नवीन सुरू झाली तेव्हाची गोष्ट. दादूस पनवेलला निघाले. पिशवी आणि चपला डब्यात ठेवून खाली उतरले नि गप्पा मारत उभे राहिले. डिझेलचं इंजिन निघताना घुरघुरायचं, त्याची सवय. ही गाडी आवाज न करता निघून गेली. दादूस अनवाणी फलाटावर. मला फोन करून म्हणतात, "इंजिनेर, तुझी गाडी चोरासारखी पलते! माझ्या चपला पनवेलला पोचल्या, मी हितंच!"

मागे कुणीतरी फिसकलं. मग दुसरं कुणी. तेवढ्यात पलीकडून सोनाबाय रूळ ओलांडून तरातरा आली आणि माझ्या हातातून माईक ओढला.

"तू गप. अर्धाच सांगतोस. चपला त्याच्या नव्हत्याच, माझ्या व्हत्या! बायकांच्या चपला घालून निगाला व्हता पनवेलला, खाली बघंल तर ना!" आणि ती सांगतच सुटली. त्याच्या लग्नातलं, शाळेतलं, लहानपणी खाडीत पडल्याचं. आम्ही पोट धरून हसत होतो. काठी कधी पलीकडे गेली, कधी उभी राहिली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.