मेपलला दिलेला ताण

बारामतीत जपानी मेपल लावणं हा खुळेपणा आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या झाडाला थंडी लागते आणि गोडं पाणी लागतं, आणि आमच्याकडे दोन्हींची बोंब. तरी बोन्सायच्या नादाने हिमाचलातल्या एका नर्सरीतून लाल पानांचं रोप कुरियरने मागवलं आणि सहा वर्षं ते हट्टाने जगवलं. गच्चीत उत्तरेच्या बाजूला, शेडनेटखाली, उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याला. बोअरचं पाणी खारं, म्हणून त्याला फिल्टरचं पाणी घालायची.

तात्या, म्हणजे माझे वडील, ह्याला हसायचे. "गावाला टँकरचं पानी, अन् तुज्या झाडाला फिल्टरचं. जावई हाय का काय त्यो?"

तात्या लासुर्ण्याचे शेतकरी. उभ्या आयुष्यात त्यांनी डाळिंबाशिवाय काही केलं नाही. तेल्या रोगाने बाग हातची गेली, तेव्हा बांधावर उभं राहून त्यांनी सगळी झाडं जेसीबीने काढून घेतली. आई आधीच गेलेली होती, म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं. मी एकटीच राहते. माझ्या घरी त्यांच्या हाताला काम नव्हतं. दिवसभर कुंड्यांपाशी घुटमळायचे, पण मेपलला मी त्यांना हात लावू देत नसे. शिकलेल्या माणसाचा एक माज असतो, तो माझ्यात भरपूर होता.

यंदा जानेवारीच्या अखेरीस मी मेपलची मोठी छाटणी काढली. खोड फार सरळसोट वाढलं होतं. ते पहिल्या फांदीच्या जरा वर तिरकं कापायचं, नवा शेंडा त्या फांदीतून काढायचा, आणि मुळं कमी करून झाड उथळ कुंडीत बसवायचं, असा बेत होता. झाड कुंडीबाहेर काढलं, वाकवलेल्या तारेने मुळांतली माती विंचरली. खाली गेलेलं जाड मूळ कापायला दोन हात पुरेनात, तेव्हा पहिल्यांदाच तात्यांना म्हटलं, "जरा धरता का?" त्यांनी दोन्ही तळव्यांत झाड असं धरलं की करवत चालताना ते तसूभर हललं नाही.

"वरनं बी कापलंस, खालनं बी कापलंस. ऱ्हायलं काय मग?"

"जगतंय ते, तात्या. जपानात असंच करत्यात."

त्यानंतर चारच दिवसांनी मला उजळणी वर्गासाठी आठ दिवस पुण्याला जावं लागलं. जाताना सांगितलं, रोज सकाळी थोडं थोडं पाणी घाला. "बगतो की. तू जा," ते म्हणाले. झाड कुणीतरी त्यांच्या हवाली केलं होतं, म्हणून ते खुशीत होते.

परत आले तर कुंडीतली माती भेगाळलेली. उरलीसुरली पानं गळून खाली पडलेली. आणि तात्या दारातच उभे, चेहरा फुललेला.

"पानं गळतच नव्हती त्याची. म्हनून ताण दिला. आता तुज्या हातानं पानी सोड. बग कशी लाल पालवी फुटती."

डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं गाळतं. मग छाटून पाणी सोडलं की ते अंगभर फुटतं, आणि डाळिंबाची कोवळी पालवी लालच असते. आयुष्यभर डाळिंबासाठी जे केलं, तेच त्यांनी माझ्या झाडासाठी केलं होतं. पण नुकतीच मुळं तोडलेल्या झाडाकडे ताण सोसायला काही शिल्लक नसतं. मी नखाने खोडाची साल खरवडली. जिवंत झाड आत हिरवं असतं; हे तपकिरी कोरडं होतं.

रागावले की मी वर्गातली मराठी बोलते. "सांगितलेलं ऐकता येत नाही का तुम्हाला? तुमची बागसुद्धा अशीच गेली. तुमच्याच हाताने."

तेल्या रोग कुणाच्या हाताने येत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते.

"व्हय," तात्या म्हणाले, "तसंच आसंल." आणि आत जाऊन बसले.

मी कुंडी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीमागे सरकवून दिली. माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत दोन महिने गेले. ते जेवढ्यास तेवढं बोलत. एकदा एप्रिलमध्ये जेवताना मात्र त्यांनी विचारलं, "त्या तुज्या झाडाची पालवी आदी हिरवी येऊन मग लाल व्हती का गं?"

मी ताटाशेजारी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "मेलंय ते झाड, तात्या."

"बरं," म्हणाले, आणि दुधात भाकरी कुस्करत राहिले.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, एका सकाळी ते चहाला उठले नाहीत.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी टाकी भरली का बघायला मी मागे गेले. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळलेलं होतं, मातीवर उसाचं पाचट अंथरलेलं होतं. वर तात्यांचं जुनं धोतर सावलीला बांधलेलं, आणि फिल्टरच्या पाण्याची एक बाटली उलटी टांगून तिला ठिबकची नळी लावलेली. बाटली संपली होती. गोणपाट अजून दमट होतं. खोडाच्या बुडाशी हिरवी पालवी आली होती, चांगली वीतभर.

लाल मेपल हिरव्या मेपलच्या खुंटावर कलम केलेलं असतं. माझं वरचं झाड मेलं होतं. फुटला होता तो खालचा खुंट. तात्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. डाळिंबाची गुटी बांधतात, म्हणजे फांदीलाच मुळं फोडतात; तिला खुंट नसतो. पालवी लाल होईल म्हणून ते रोज बघत बसले असणार. लाल झाल्यावरच मला दाखवायची, असं त्यांनी ठरवलं असणार.

मी बाटली भरून परत टांगली. ती पालवी कधीच लाल होणार नव्हती. हिरवी दाखवली असती तरी मला चाललं असतं, पण तेवढं कळायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती.