वाघोलीहून आलेलं विरजण

गेल्या गुरुवारी सकाळी सकाळी धायरीच्या एका सोसायटीतून फोन आला... "मॅडम, पर्यावरण वाचेल हो तुमचं. आम्ही वाचू का, तेवढं येऊन सांगा." सेक्रेटरी काका. नमस्कार-चमत्कार काही नाही, फोन ठेवून मोकळे!

मी काय करते ते आधी सांगते. आम्ही एक छोटा वर्ग चालवतो. आसपासच्या बायकांना ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवतो आणि मग सोसायट्यांमध्ये त्याच कामावर लावून देतो. ऐकायला फार छान वाटतं... प्रत्यक्षात निम्मं आयुष्य कमिटीच्या मीटिंगांत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, गार चहा पीत जातं.

खरं सांगू? यंदा मी दमलेय. वास येईल का, उंदीर होतील का, झुरळं येतील का... तेच प्रश्न, तीच उत्तरं. त्या दिवशी सिंहगड रोडला स्कूटर ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा मनाशी ठरवूनच टाकलं. ही बॅच शेवटची, आता बास.

सोसायटीच्या गेटमध्येच कळलं, काका खोटं बोलत नव्हते. डोकं उठेल असा वास येत होता. आणि त्यात मिसळलेला आणखी एक ओळखीचा वास... फिनेलचा!

खताच्या टाक्यांजवळ सुनंदाताई मान खाली घालून उभ्या होत्या. या धायरीच्याच, माझ्या वर्गात शिकलेल्या. आधी कितीतरी वर्षं ऑफिसांच्या फरश्या पुसायच्या. शिकून मिळालेलं काम, तेही घराजवळ, म्हणून ती नोकरी सोडून इथे आल्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं.

"फिनेल अजिबात नाही, असं वर्गात सांगितलं होतं ना?" माझा आवाज चढलाच.

"सांगितलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "पण हॉलमध्ये सत्यनारायण व्हता, मॅडम. पावणे प्रसादाला हितूनच जायचे. कुणी नाक दाबून माझ्याकडं बघितलं असतं म्हंजे...? घरी पावणे यायचे म्हटल्यावर पुसून काढतोच की आपण."

माझा राग कुठल्या कुठे गेला. कचऱ्याचं खत करणारे जीव फिनेलने मरतात. पाहुण्यांसाठी बाईंनी टाक्या चकाचक केल्या आणि आतला कचरा नुसता सडायला लागला.

काकांचं म्हणणं स्पष्ट होतं. रविवारी कमिटीची मीटिंग. तोवर वास गेला तर ठीक, नाहीतर टाक्या काढून टाकू आणि तुमच्या बाईंनाही "मोकळं करू". शब्द तरी बघा... जणू काही आत्तापर्यंत डांबूनच ठेवलं होतं.

ते जीव पुन्हा सोडायला बाजारची कल्चर पावडर मागवली असती तर यायला पुढचा आठवडा उजाडला असता. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि शोधायचं त्राणही नव्हतं. "बघू, दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ," असं मी म्हटलं. माझंच मला खरं वाटत नव्हतं.

सुनंदाताईंनी पदराने डोळे पुसले आणि फोन काढला. "तुम्हीच म्हणायच्या ना, ह्याला पण विरजण लागतं म्हणून? मग मंगलला मागते. तिचं चांगलं लागलंय."

मंगल याच बॅचमधली. ती वाघोलीच्या एका सोसायटीत काम करते. मी मनात म्हटलं, झालं! वाघोली कुठे, धायरी कुठे, पुण्याची दोन टोकं... जेवायला बोलावलं तरी माणूस दहादा विचार करेल.

दुपार कलली आणि मंगल गेटातून आत आली. बसेस बदलत, मांडीवर झाकलेली जड बादली घेऊन, घामाघूम. बादलीत काळंभोर, ओलसर खत. "कंडक्टर इचारत व्हता काय हाय. म्हटलं, विरजण हाय. गप बसला." आम्ही तिघी इतक्या हसलो की वॉचमन बघायला आला.

मग पदर खोचून कामाला लागलो. टाक्यांतला चिखल बाहेर काढला, पसरला, वारा दिला. वाळका पाला मिसळला, मंगलचं खत कालवलं आणि पुन्हा भरलं. माझी कंबर गेली ती अजून परत आलेली नाही.

रविवारी मीटिंगआधी काका रुमाल तयार ठेवूनच आले. वास जवळजवळ गेला होता. सुनंदाताईंनी टाकीचं झाकण उघडलं. "काका, हात ठेवून बघा. ताप आलाय त्याला!"

काकांनी बोटं टेकवली आणि झटकन काढली. आतून गरम लागत होतं... म्हणजे काम सुरू झालं होतं, ढीग जिवंत झाला होता. "ताप आम्हालाही आला होता, त्याचं कुणाला काही नाही," असं पुटपुटत ते मीटिंगला गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "राहू द्या. बाईही आणि टाक्याही." मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सुनंदाताईंना वाटलं, मला काही झालं की काय!

मंगलची बादली अजून धायरीतच आहे. मी म्हटलं, वाघोलीला जाणारच आहे, देऊन येते. तर सुनंदाताई माझ्यावरच डाफरल्या, "अहो, शेजारणीचं भांडं रिकामं परत देतात का? माझं खत होऊ द्या, भरून देईन."

दमलेय तर आहेच. पण ती बादली भरून वाघोलीला जाताना बघायचीय मला... तोवर वर्ग काही बंद करता येत नाही. मंगल, सुनंदाताई, तुम्हा दोघींचे आभार कसे मानू, कळत नाही.