चादरीखालचा पलंग

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला तो सिंधी दुकानदार गिऱ्हाइकापेक्षा लाकडाशीच जास्त बोलायचा. फळीवर टिचकी मारायची, कान लावायचा आणि मान डोलवायची.

"नव्या घरात स्वस्तातलं काही येणार नाही," असं बजावून बायकोने मला तिथे नेलं. सागवानी पलंगापाशी तिचे पाय थबकले.

"घर कुठे, वैनी?"

"बदलापूरला, मांजर्लीत. तळमजला."

त्याने पलंगावर चादर ओढली. "नहीं दूँगा. नदीचं पाणी येतं तिथे. वरचा माळा घ्या, मग या."

आम्ही सतरंजीवरच झोपू लागलो. बाजारात आम्ही दिसलो की तो मात्र विचारायचा, "साईं, माळा बदलला?"

पलंग तसाच चादरीखाली. आमच्यासाठी राखला होता की खपत नव्हता, देव जाणे. बायको मात्र वरच्या मजल्यांचे भाव विचारत फिरू लागली होती.