हळदीत शिजलेलं माऊथगार्ड

आमच्या घरात कबड्डीपायी दात पडला तो फक्त माझा. मी कबड्डी कधीच खेळलो नाही.

खेळायचा तो धाकटा बंडू. त्याच्या प्रत्येक सामन्याला आमचे वडील, बापू, पार शिरड शहापूरपर्यंत मोटारसायकल दामटायचे. मी वक्तृत्वात पहिला आलो तेव्हा मात्र "बराबर हाय" एवढंच म्हणाले (तेही बैलाकडे बघत!). जळून जळून माझा कोळसा झाला होता.

तालुक्याच्या सामन्याआधी सरांनी बंडूला माऊथगार्ड दिलं. दातांवर चढवायचं जाड कवच. गरम पाण्यात क्षणभर बुडवायचं, मऊ झालं की चावून मापाचं करायचं. सूचना मी मोठ्यानं वाचत होतो, पण ऐकतंय कोण? शेतात हळद शिजत होती.

"गरम पानी इथं हायेच की!" म्हणत बापूंनी ते थेट हळदीच्या कढईत टाकलं.

"बापू, क्षणभरच!"

"हळद कच्ची काढत्यात का रे? शिजू दे बराबर!"

निघालं ते पिवळंधमक आणि वेडंवाकडं. तरी आईनं त्याला कुंकू लावलं. (माझ्या पेनाला कधी कुणी लावलं नव्हतं!)

पहिल्याच चढाईत बंडूच्या तोंडून "कबड्डी"ऐवजी "गबगबगब" येऊ लागलं.

पंच ओरडले, "काय बोलून राहिला रे? बाद!"

पुन्हा आत आल्यावर पुढच्या चढाईआधी त्यानं ते काढलं. मी रेषेला खेटून पुस्तक वाचत बसलो होतो (त्याचा खेळ बघायचाच नाही म्हणून!).

"दादा, धर!"

धरलं. मान वर केली तर चौघांनी बंडूला उचलून बाहेर भिरकावलेलं, आणि त्याचं डोकं थेट माझ्या तोंडावर! माऊथगार्ड मुठीत, दात मातीत.

बापू धावत आले. "लेकरा, लागलं का रे?" हे बंडूला! मग माझं रक्त दिसलं. त्यांनी मला उचलून मोटारसायकलवर बसवलं आणि ओरडले, "बंड्या, तू एसटीनं ये!"

तेव्हापासून पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या थोरल्यानं कबड्डीत दात दिला." रेषेच्या आत की बाहेर, ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. मीही दात बसवून घेतला नाही.

यंदा बापू गेले. तेराव्याला पुसेगावचे त्यांचे जुने मित्र बंडूला ओलांडून माझ्याकडे आले. "बापूचा कबड्डीवाला तूच न्हाई का?"

बंडू धुमसत राहिला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि मी? डोळे भरलेले असतानाही हसलो. फट नीट दिसावी एवढं!