चौथ्या मजल्याखालची जमीन

मी लातूरला नोकरीला, आई-बाबा नांदेडला. शहराच्या पार कडेला बाबांनी प्लॉट घेऊन घर बांधलंय. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि पावसाळ्यात आमच्या गल्लीत ऑटोवाला यायलाच तयार नसतो. काळी माती ती, चाक धरलं की सोडत नाही.

म्हणून दवाखान्याजवळ अपार्टमेंटची स्कीम निघाली तेव्हा मला लई आनंद झाला. निम्मे फ्लॅट बुक झाले की पाया खणतो, असं बिल्डर म्हणाला. घर विकल्याशिवाय फ्लॅट जमणार नव्हता, आणि घर बाबांच्या नावावर. त्यांना घेऊन गेलो. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचा नकाशा बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, "चौथ्या मजल्याखालची जमीन कोणाची?"

सगळ्यांची मिळून, बिल्डर म्हणाला.

"मग माझी कुठली? कुंपण कुठं घालू?"

मला असा संताप आला! परतताना मी बोलायच्या आत तेच बोलले. त्यांचे वडील मुखेडकडं जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आमच्या घराण्यात जमिनीवर नाव लागलं ते पहिल्यांदा बाबांचं.

मग बाबांचं मन वळेपर्यंत स्कीम तरी टिकावी म्हणून, फ्लॅट बुक करा म्हणत मी ऑफिसातल्या नांदेडकरांच्या मागं लागलो. एकेकाच्या घरी गावाकडं दहा-दहा एकर वावर, तरी प्रश्न तोच, जमीन कोणाच्या नावावर? हाव हाव, छान हाय म्हणायचे, चहा प्यायचे आणि गावाबाहेर प्लॉट घ्यायचे.

यंदा आई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी बाबा आपणहून म्हणाले, चल, सही करतो. आम्ही गेलो तर तिथं जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. बुकिंग झालं नाही म्हणून बिल्डरनं त्या जागेचे प्लॉट पाडले होते.

परवाच्या पावसात आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघं चिखलातून ऑटोपर्यंत नेत होतो. अर्ध्यात बाबांना धाप लागली. खुर्ची टेकवून ते म्हणाले, मुरूम टाकून घेऊ, आपलीच जमीन हाय.

आई म्हणाली, "हाव, जमीन तुमचीच हाय. मला तेवढं रस्त्यापर्यंत न्या."

बाबांनी पुन्हा खुर्चीला हात घातला.