सोलापुरात दिसलेली बाई

गायकवाड सर कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघत. मग बसत, तेही कडेलाच. लोहाऱ्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुळजापूरचे ना तुमी? मग देवीचं गाव सोडून हिकडं कशापायी आलाव?" नोकरीसाठी, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण उत्तर पटल्याचं काही चेहऱ्यावर दिसलं नाही.

ते चित्रकला शिकवत. पोरांना म्हणत, "डोळे लई लबाड असतेत. एकदा बघून काढू नका, पुन्हा बघा." गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा सगळे हार घेऊन गेले. सर मात्र दूध मोजायचं माप उलटं करून न्याहाळत होते. चेअरमननी हसून विचारलं, काय बघता गुरुजी? "बुडाला पोचा हाय का बघतो," सर शांतपणे म्हणाले. पोचा नव्हता. तरी परत येताना मला म्हणाले, "आज न्हाय. आज हार होते."

या माणसाला सोलापूरला न्यायचं शेखनं ठरवलं. शेख आमचे व्यायामशिक्षक. सोलापुरात त्यांचे मेव्हणे राहत. तिथं कला महोत्सव भरला होता. गाणं, नाटक, चित्रांची आणि फोटोंची प्रदर्शनं. त्या वर्षीही पावसानं दडी मारलेली, गावात टँकरशिवाय दुसरा विषय नव्हता. दोन दिवस जरा वेगळं काही बघू, असं शेख म्हणाले.

"तुमच्या मेव्हण्याला आमची आठवण कशी झाली?" सरांनी विचारलं.

"त्याला नाही झाली, मला झाली. चला तर खरं सर, घरात जागा बक्कळ आहे."

सर म्हणाले, "बोलावणं आन् पंगतीला बसवणं, ह्यात लई अंतर असतंय शेख. लहानपणी शिकलोय म्या ते."

तरी आले. उमरग्याला एसटी बदलताना त्यांनी कंडक्टरला गाडी खरंच सोलापूरला जाते का, हे तीनदा विचारलं. मेव्हण्यांच्या घरी जेवणाचा दस्तरखान अंथरला, तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले. आपल्याला कुठं बसवतात, हे बघत होते. मेव्हण्यांनी हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि एकाच ताटातून जेवायला सुरुवात केली. सर पोटभर जेवले. झोपताना हळूच मला म्हणाले, "माणूस बरा दिसतोय. सकाळपस्तोर बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेलो. चित्रांपुढून सर भराभर पुढं गेले. "निम्मी चित्रं दुसऱ्या चित्रांवरनं काढल्याली हायत," एवढंच बोलले. फोटोंच्या दालनात मात्र ते एका फोटोपुढं थांबले, ते हललेच नाहीत. बहात्तरच्या दुष्काळातलं रस्त्याचं काम होतं. खडीच्या ढिगाशी बसलेली एक बाई, डोक्यावरून पदर, हातात हातोडी, अर्धा चेहरा उन्हात आणि अर्धा सावलीत. खाली एकच शब्द लिहिलेला, 'दुष्काळ'.

सर जवळ गेले, मागं आले, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. शेवटी म्हणाले, "माझी आई बसायची खडी फोडायला. दुष्काळ सरला आन् पुढच्या उन्हाळ्यात गेली. फोटो न्हाय तिचा घरात एकबी. म्या किती डाव चित्र काढलं, पर नाक जमत न्हाय."

"या त्याच का?" मी विचारलं.

"तेच तर कळंना झालंय."

फोटो काढणारा माणूस तिथंच होता. शेखनं त्याला बोलावलं. सरांनी फौजदारासारखी चौकशी केली. काम कुठलं, शिवार कुठलं, बाईचं नाव काय. तो गोंधळला. "नळदुर्गकडचं काम होतं बहुतेक. की लोहाऱ्याकडचं? फार फिरलो त्या दिवसांत. नाव विचारायचं राहिलंच."

"नाव इचारलं न्हाय, मग 'दुष्काळ' नाव कुणी ठिवलं तिचं?"

संयोजकांपैकी एक गृहस्थ हे ऐकत होते. ते उत्साहानं पुढं आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही फोटोशेजारी उभे राहा, आपण पेपरला देऊ. आई आणि मुलगा." सरांचा चेहरा एकदम कोरा झाला. "माझी कुणी न्हाय ती," असं म्हणून ते बाहेर पडले.

तो फोटोग्राफर आमच्या मागं रस्त्यापर्यंत आला. एक प्रत पाठवतो, पत्ता द्या, म्हणाला. "कशापायी?" सरांनी विचारलं. तो म्हणाला, "मला तेव्हा नाव विचारायला पाहिजे होतं." सरांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि पत्ता दिला. तो शाळेचा दिला, घरचा नाही.

महिन्याभरानं फोटो आला. शेख म्हणाले, "बघा सर, पाठवला की नाही?" सर पाकीट उलटसुलट करत म्हणाले, "पाठवला. पर का पाठवला असंल?"

तो फोटो घेऊन ते केराबाईकडं गेले. ती त्यांच्या आईबरोबर खडी फोडायला जायची. मीही सोबत होतो. म्हातारीनं फोटो डोळ्यांशी नेला आणि म्हणाली, "व्हय की. धोंडाच हाय, तुजी आय." सर बाहेर आल्यावर म्हणाले, "तिला आता दिसत न्हाय. माझं मन राखाया बोलली." त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

पुढं माझी बदली तुळजापूरला झाली. सर गेल्याचं मला शेखच्या पत्रातून कळलं. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा तो फोटो भिंतीवर, बुद्धांच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत दिसला. मला बरं वाटलं. मी सरांच्या पत्नीला, वहिनींना म्हणालो, "म्हणजे शेवटी खात्री पटली सरांना."

"कुठली पटतीय," वहिनी म्हणाल्या. "मरस्तोर बघायचे अन् म्हणायचे, नाक आईचं न्हाय. मग म्या इचारलं, तर लावलाव कशाला? तर म्हणले, आपली नसली तर कुणाची तरी असंल. तिच्या लेकाला ती अजून घावली नसंल. तवर राहू दे हितंच."