बाळंतिणीची मुशी

मंगळवारी रिपोर्ट आला. दादाला आणि वहिनीला एचआयव्ही होता. वहिनीला सहावा महिना होता.

आईने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "सून माजी हाय. गावाला काय करायचाय?" घणसोली गावात भिंतीला भिंत लागून घरं. कळलं असतं तर नळावर वहिनीला कुणी उभं केलं नसतं.

मुलगी झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगावर पाजायचं नाही, एकदाही नाही. वहिनीचं दूध आटवायचं, बाळाला डब्याचं द्यायचं. बाटली दिसताच शेजारची काकी दारात.

"दूध कसा नाय गो आला?"

माझी आई खोटं बोलत नाही, असा माझा तोवर समज होता. "तुजीच नजर लागली," ती म्हणाली. "तूच बोललीस ना, बाय कशी भरली हाय म्हनून?"

काकी आल्या पावली परत गेली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

आईला वाटलं, जिंकलो. पण आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालतात, म्हणजे लहान शार्क मासा. दुसऱ्या दिवसापासून काकी प्रायश्चित्त म्हणून रोज मुशीचं कालवण आणू लागली. परत पाठवलं तर संशय, वहिनीने खाल्लं तर दूध. उरलो मी.

एका हातात पुस्तक धरून मी सव्वा महिना मुशी गिळली. बाळाच्या तोंडात बाटली देत वहिनी म्हणायची, "खावा भाऊजी. पान्हा फुटला की सांगा, डब्याचा खर्च वाचेल." माझ्या पँटचं बटण लागेनासं झालं.

दीड वर्षाने मुलीची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन गल्लीत शिरलो, तर काकी ओट्यावर बसलेली.

"पोरीला नाय ना?" तिने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग उमगलं. "काकी, तुला माहीत होतं?"

"माज्या नजरेनं सुनेचा दूध आटला, नि दिराची ढेरी वाढली? येडी हाय काय मी?" ती डोळे पुसत हसली. "आयशीला सांगू नको. बिचारी येवढा मन लावून खोटा बोलली."

त्याच वर्षी दादा गेला, पुढच्या वर्षी वहिनी. दोन्ही सुतकांत जेवण काकीच्या घरून आलं.

आता घरात आई, मी आणि पुतणी आहोत. तिला मुशी आवडते.